आवतण

मुरुड म्हटलं की महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. एक रायगडचं मुरुड, जंजिऱ्याचं. दुसरं दापोलीजवळचं, अण्णासाहेब कर्व्यांच्या नावाशी जोडलेलं. लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड सहसा कुणाच्या मनात येत नाही. इथं समुद्र नाही, लेणं नाही, किल्ला नाही. काळी जमीन आहे, ऊस, तूर आणि सोयाबीन आहे, मोठी बाजारपेठ आहे आणि एक रेल्वे स्टेशन आहे. या मार्गावर 1911 पासून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी धावत असे. परगावच्या माणसानं विचारलं, की तुमच्याकडं पाहण्यासारखं काय आहे, तर मुरुडकर थोडा संकोचतो आणि गावाबाहेर बोट दाखवतो. तेरला जावा, खरोशाला जावा, तुळजापूर काय लांब हाय का?

पर्यटनाची हंगामी मोहीम आखणाऱ्याचा पहिला प्रश्न नेमका हाच असतो: पाहण्यासारखं काय आहे? त्याला हिवाळ्याची सुट्टी गाठायची असते, दोन-तीन मुक्कामांची सहल बसवायची असते आणि फलकावर शोभेल असं चित्र हवं असतं. त्याच्या धडपडीत वाईट काही नाही. मराठवाडा म्हणजे वेरूळ-अजिंठा आणि त्यापलीकडे दुष्काळ, एवढीच ओळख राहावी असं लातूर-नांदेडच्या कुणालाही वाटत नाही. औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्यांत शैव आणि वैष्णव शिल्पं एकाच डोंगरात आहेत. देगलूरजवळच्या होट्टलला कल्याणी चालुक्यांच्या काळातली देवळं आहेत. कंधार आणि उदगीरचे किल्ले आहेत, पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. ही सगळी ठिकाणं लोकांनी पाहायलाच हवीत. रस्त्याकडेच्या चहावाल्यापासून गाइडचं काम शिकणाऱ्या पोरापर्यंत अनेकांच्या घरात त्यामुळे दोन पैसे येतील.

पण या मुलखाचा सगळ्यात मोठा हंगाम नकाशावर ठिपका देऊन दाखवता येत नाही. तो एका दिवसाचा आहे, त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि त्याचं नाव येळवस.

मार्गशीर्ष अमावास्या म्हणजे वेळ अमावास्या, बोलीत येळवस. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हा दिवस दिवाळीइतका मोठा. कानडी मुलूख शेजारी असल्यानं नावातही कानडीचा वास आहे. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, बाजार बंद राहतात, आणि लातूरसारख्या गजबजलेल्या शहरात दुपारी रस्ते ओस पडतात, कारण शहरात राहणारा प्रत्येक जण आपल्या किंवा सोयऱ्याच्या शेतात गेलेला असतो.

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली असते. पेंढ्या वर एकत्र बांधायच्या, तोंड पूर्वेला ठेवायचं, वरून शाल नाहीतर इरकल पांघरायची. आत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना आणि काव लावायची: ते पांडव. त्यांच्यापुढं ताकातली अंबील भरलेला मातीचा बिंदगा. ज्वारीचं पीठ आदल्या रात्रीपासून ताकात आंबवलेलं असतं, त्यात लसूण-आलं वाटून घातलेलं असतं, आणि बिंदग्याचं तोंड उघडलं की जो आंबूस गारवा नाकाशी येतो, तो या भागातला माणूस पुण्यात किंवा दुबईत असला तरी त्या तिथीला त्याला आठवतो. जेवणात भज्जी असते: तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, त्यात भाज्या, डाळीचं पीठ आणि चिंच. सोबत बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, तिळाच्या नि शेंगदाण्याच्या पोळ्या. पूजा झाली की घरधनी घोंगडं पांघरून कोपीला फेरे घालतो आणि उभ्या पिकावर अंबील शिंपडतो. गहू, हरभरा, ज्वारी या वेळी पोटरीत नाहीतर फुलात असतात. जमिनीचं हे डोहाळजेवणच म्हणायचं. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे कडब्याची मशाल, पेटतो आणि शिवारभर जाळ फिरताना दिसतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून सांगायची राहिली. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं असतं. ओळख असो वा नसो. जेवणाऱ्याची जात, गाव, काम विचारून हाक मारायची नसते. एकाच दुपारी चार-चार शेतांत बसलेले पाहुणे या भागात नवे नाहीत.

आता या दिवसाची जाहिरात करावी का? प्रश्न कल्पनेतला नाही. राज्यानं 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, आणि त्या चौकटीत येळवस अगदी नेमकी बसते. डिसेंबर-जानेवारी, थंडी, हिरवं शिवार, आगळं जेवण, सणाची कथा. शहरातल्या कुटुंबानं माणशी पैसे भरावेत, कोपीत बसून भज्जी खावी, फोटो काढावेत. शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतील. मग अडचण कुठं आहे?

अडचण 'अतिथी' या शब्दात आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची परंपरेनं सांगितलेली फोड. येळवसेचं सौंदर्य असं, की सण तिथीला बांधलेला आणि पाहुणा बिनतिथीचा. दिवस ठरलेला आहे, पण कोण येणार हे कोणाला ठाऊक नाही, म्हणून भज्जीचं पातेलं घरच्यांच्या भुकेपेक्षा मोठंच चढवावं लागतं. जाहिरात ही व्यवस्था उलटी करते. येणारा आधी ठरतो, त्याची नोंदणी होते, त्याच्या पैशाच्या हिशेबानं पातेलं चढतं. जेवण तेच राहतं. जेवणारा मात्र अतिथीचा गिऱ्हाईक होतो आणि वाढणारा यजमानाचा दुकानदार. दोघांनाही यात कमीपणा वाटायचं कारण नाही. दुकान हेही प्रामाणिक काम आहे. पण ही वस्तू दुसरी आहे, आणि तिला पहिल्या वस्तूचं नाव देऊन विकणं खोटं आहे.

केंद्राच्या पर्यटन खात्यानं 'अतिथी देवो भव' नावाची मोहीम चालवली होती. उपदेश तैत्तिरीय उपनिषदातला. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जी कर्तव्यं सांगतो, त्यांत आई, वडील आणि आचार्य यांच्यामागून अतिथी येतो. तो उपदेश यजमानाला आहे. येणाऱ्याला ओढून आणण्यासाठी तो सांगितलेला नाही. खात्याच्या त्या मोहिमेतला चांगला भाग हाच होता, की ती परदेशी प्रवाशाला बोलावण्याऐवजी इथल्या टॅक्सीवाल्याला, दुकानदाराला, रस्त्यावरच्या माणसाला उद्देशून होती: पाहुण्याला लुबाडू नका, त्रास देऊ नका. कुठल्याही हंगामी मोहिमेचा निम्मा मजकूर असा घरच्यांसाठी लिहिलेला असावा. प्रत्यक्षात तसा तो क्वचितच लिहिला जातो.

देवाधर्माच्या गोष्टीची जाहिरातच नको, असं म्हणणंही बरोबर नाही. मराठवाड्यात धर्म कधी मुका नव्हता. कोणत्याही गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका हातात घेऊन पाहावी. गुलाबी नाहीतर पिवळा पातळ कागद. माथ्यावर विठ्ठल-रखुमाईचा ठसा. खाली रोजचा क्रम: पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि नंतर जागर. मग सात दिवसांचे सात कीर्तनकार, त्यांच्या गावांसह. मृदंगाचार्य कोण, विणेकरी कोण, पारायणाचं व्यासपीठ कुणाकडं. आणि त्याच्याही खाली, बारीक टायपात, सकाळ-संध्याकाळच्या पंगतीचे अन्नदाते. शेवटी काल्याचं कीर्तन, महाप्रसाद, आणि 'समस्त गावकरी मंडळी' अशी सही.

पत्रिका म्हणजे जाहिरातच. पण ती काय जाहीर करते ते पाहण्यासारखं आहे. आम्ही काय करणार आहोत, ते ती सांगते. कोण राबणार, कोण जेवू घालणार, कोणत्या दिवशी कोणाच्या माथी कोणतं काम. येणाऱ्याला काय मजा येईल, याविषयी त्यात एक अक्षर नसतं. अन्नदात्याचं नाव छापलं गेलं की तो बांधला गेला. बुधवारची पंगत त्याची म्हणजे त्याचीच. पर्यटनाच्या फलकावर धबधबा असतो, सूर्यास्त असतो, हसणारी माणसं असतात. 'आमच्या माथी काय' ही ओळ तिथं नसते. सप्ताहाच्या पत्रिकांच्या जागी आता चौकाचौकांत पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचे फ्लेक्स लागतात, तेव्हा अन्नदात्याची ती बारीक ओळ सगळ्यात आधी गळते. हे नुकसान लहान वाटतं, तेवढं ते लहान नाही.

हंगाम ठरवतो कोण, हाही प्रश्न जुनाच. मोहीम आखणाऱ्याची वही इंग्रजी महिन्यांची असते. येळवस त्या वहीत मावत नाही. 2022 मध्ये ती 23 डिसेंबरला झाली. नंतर अधिक श्रावण आला आणि 2023 च्या अख्ख्या वर्षात येळवस आलीच नाही. 2024 मध्ये ती दोनदा आली, 11 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला. दरवर्षी डिसेंबरच्या अमुक आठवड्यात 'येळवस महोत्सव' भरवू म्हणणाऱ्याला चंद्रानं परवानगी दिलेली नाही.

तुळजापूरची गोष्ट याहून पुढची. तुळजाभवानी वर्षातून तीनदा झोपते. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, घटस्थापनेआधी घोरनिद्रा. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, लढाई करून थकली म्हणून. पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. मूर्ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. दसऱ्याचा पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावातून आणि पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरातून, दोन्ही दरवर्षी खांद्यावरून येतात. 2025 सालचं पहिलं पान उलटलं तेव्हा पौष नुकताच लागला होता. नववर्षाची सुट्टी गाठून लोक देवळात येत होते, ते देवीच्या निजेच्या दिवसांत. देवस्थानाच्या पंचांगात विश्रांती लिहिलेली आहे, आणि ती देवीच्या नावानं लिहिल्यामुळे मोडता येत नाही. पर्यटनाच्या वहीत विश्रांतीचा रकानाच नाही. तिथं ज्याला 'ऑफ सीझन' म्हणतात, तो भरून काढायची उणीव समजली जाते. जमिनीला पडीक ठेवण्यात शहाणपण आहे हे शेतकऱ्याला कळतं. देवीच्या निद्रेमागं तोच विचार आहे असं म्हटलं तर ते फार ताणल्यासारखं होऊ नये.

लातूरकडून तुळजापूरला चालत निघालेल्या बाईला का निघालीस म्हणून विचारलं, तर ती सहसा 'मला जायचंय' म्हणत नाही. 'आईचं बोलावणं आलंय' म्हणते. वर्षानुवर्षं जाणं झालं नाही, तर तेही 'बोलावणं आलं नाही'. या बोलण्यात अख्खं तत्त्वज्ञान आहे. यात्रेत कर्ता देव असतो, माणूस त्याच्या हाकेला ओ देतो. पर्यटनात कर्ता प्रवासी असतो, त्याची निवड, त्याचा खर्च, त्याचं समाधान. माहूरच्या दत्तशिखराची श्रद्धा तर अशी, की दत्तप्रभू स्वतःच रोज फिरतीवर असतात: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, भोजन गोदाकाठच्या पांचाळेश्वरला आणि निद्रा माहूरला. भक्त शिखर चढतो तो दिवसभर फिरून मुक्कामाला येणाऱ्या देवाला भेटायला. अशा ठिकाणी 'अवश्य भेट द्या' हा फलक विचित्र वाटतो, कारण भेटीला कोण कोणाकडं आलं आहे, हेच तिथं उघडं ठेवलेलं आहे.

इथं एक जुनी शंका आडवी येते. देव सगळीकडं असेल, तर कुठंही जायचंच कशाला? ही शंका मराठवाड्यानंच सगळ्यात धारदारपणे विचारली आहे. मुरुडहून ढोकीच्या वाटेनं गेलं की तेर लागतं, गोरोबाकाकांचं. तेर म्हणजे पहिल्या शतकात ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात आलेलं 'तगर', रोमशी व्यापार करणारी पेठ. तिथल्या मातीतून निघालेल्या वस्तू लामतुरे संग्रहालयात आहेत. संतकथेत गोरोबांनी मडकं तपासायच्या थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेव कच्चे निघाले. रुसलेले नामदेव गुरू शोधत औंढा नागनाथला गेले. तिथं विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, म्हातारा झालो, देव नसेल तिथं तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिथं ठेवावेत तिथं पिंड उभी राहिली.

गोष्ट इथं संपती, तर यात्राही संपली असती. पण नामदेव त्यानंतर घरी बसले नाहीत. पंढरीला जातच राहिले, आणि पुढं पंजाबपर्यंत चालत गेले. ठिकाणाची गरज संपल्यावर ठिकाणाची ओढ शुद्ध होते, असा त्या चालण्याचा अर्थ लावता येतो. औंढ्यालाच दुसरी कथा आहे: कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळामागं जायला लावलं, तेव्हा देऊळ त्यांच्या बाजूला फिरलं. नंदी आजही देवळाच्या मागच्या अंगाला दाखवतात. देव तर सगळीकडं आहे, आणि तरीही तो ज्याला हाकलून लावलं त्याच्याकडं तोंड करतो.

नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवण्याआधी गुरुगादी माणसाकडून काढून ग्रंथाला दिली, ती नांदेडला. म्हणजे हिंगोलीतल्या नरसीशी नातं सांगणारा मराठी शिंपी पंजाबात गेला आणि त्याचे शब्द जवळपास चारशे वर्षांनी गुरुपदावर बसून गोदावरीकाठी परत आले. तख्त सचखंड हुजूर साहिबची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवली. नांदेड हे पवित्र ठिकाण खरं, पण तिथं घडलेली घटना ठिकाणाच्या आणि देहाच्या पलीकडं जाणारी: गुरू आता शब्दांत आहे, आणि शब्द कुठंही नेता येतो. तरीही अमृतसरहून माणसं नांदेडची गाडी पकडतात.

2008 मध्ये या गुरुतागद्दीची तीनशे वर्षं साजरी झाली. हंगामी मोहिमेचा धडा घ्यायचा तर तो इथं आहे. जगभरच्या शिखांना बोलावण्याआधी शहरात रस्ते, पूल, पाणी, घाट यांची कामं काढली गेली. केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेत नांदेडचा समावेश झाला. विमानतळ नव्यानं उभा राहिला. ती कामं सगळीच चोख झाली, असा दावा नांदेडकरही करणार नाहीत. पण क्रम बरोबर होता: आधी घर आवरलं, मग पाहुणे बोलावले. आणि लंगरचा मुदपाक तर कुणासाठी थांबणारा नव्हताच. तिथं पंगतीत बसणाऱ्याला कुणी पावती मागत नाही.

उलट क्रम काय करतो, हे 25 जानेवारी 2005 ला वाईजवळ मांढरदेवला दिसलं. पौषी पौर्णिमा, काळूबाईची यात्रा, लाखोंची गर्दी, अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या. चेंगराचेंगरी झाली, मग दुकानांना आग लागली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. यात्रा मोठी झाली होती, वाट तेवढीच राहिली होती.

असं असूनही सरकारी चौकट आकड्यालाच विचारते. गावाच्या देवस्थानाला 'क' वर्गाचा, मग 'ब' वर्गाचा तीर्थक्षेत्र दर्जा मिळतो, तो वर्षाकाठी येणाऱ्या भाविकांच्या संख्येवर. आणि दर्जावर भक्त निवास, रस्ता, सभामंडप यांचा निधी अवलंबून. कारभारासाठी काहीतरी मोजमाप लागणारच. पण निधी गर्दीवर मिळतो म्हटल्यावर गर्दी वाढवणं हे पुण्यकर्म ठरतं, आणि लहान देवळाचे विश्वस्तही जाहिरातीच्या मागं लागतात. शांत देवस्थानाची शांतता हीच त्याची संपत्ती आहे, हे लिहायला प्रस्तावाच्या नमुन्यात जागा नसते. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाबद्दल लातूर-नांदेडचे शेतकरी जे विचारत आहेत, तेही याच जातीचं आहे. मूळ आखणीत 802 किलोमीटरचा हा रस्ता माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर जोडणारा. देवीकडं लवकर पोचण्यासाठी ज्याची काळी आई जाते आहे, त्याला या यात्रेत काय म्हणायचं? यजमान, की दक्षिणा?

मराठवाड्यात जेवणाच्या निमंत्रणाला आवतण म्हणतात. आवतण देण्याआधी घरची बाई दोन गोष्टी पाहते: पीठ किती आहे आणि रांजणात पाणी किती आहे. या मुलखात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा टाक्या, पाच लाख लिटर. तिला 'जलदूत' म्हणत. पुढं पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या, पंचवीस लाख लिटरच्या. त्याआधी लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. ती गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत मुरुड स्टेशनावरूनच पुढं गेली. एके काळी याच मार्गावरून बार्शी लाइटच्या मालाच्या वाघिणींतूनसुद्धा वारकरी पंढरीला गेले होते. ज्या वाटेनं माणसं देवाकडं जात, त्याच वाटेनं देवाच्या गावाकडनं पाणी आलं. मुरुडच्या फलाटावर उभं राहून ज्यांनी त्या टाक्या जाताना पाहिल्या, त्यांना आवतण या शब्दाचं वजन समजावून सांगावं लागत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, 2015 मध्ये, नाशिकच्या सिंहस्थात शाही स्नानासाठी धरणातून पाणी सोडावं का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. गोदावरी नाशिकला तीर्थ असते, आणि तीच पुढं नांदेडला नळाचं पाणी होते. वरच्या अंगाला पुण्य आणि खालच्या अंगाला तहान, असं एकाच नदीत घडलं. पुढचा सिंहस्थ 2027 चा आहे, आणि त्याची आमंत्रणं जगभर जातील. धर्माचा प्रश्न म्हणून पाहिलं तर स्नानाचं पुण्य खालच्या गावाची घागर भरल्यावरच लागू व्हावं. गाडगेबाबांना विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं. त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक इथं धर्मशाळा उभारल्या आणि यात्रेत हातात झाडू धरला. यात्रेला लोक बोलावले की त्यांच्या मुक्कामाचं आणि त्यांच्या मागं राहणाऱ्या घाणीचं काय, एवढा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला.

'या' म्हणताना कोण वगळलं जातं, तेही पाहावं लागतं. पंढरपूरचं बोलावणं शतकानुशतकं सगळ्यांना होतं, पण चोखोबांना महाद्वारापाशी थांबावं लागलं, आणि दलितांसाठी ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. येळवसही सगळ्यांची असं म्हणताना हे विसरू नये, की कोप उभारायला आधी रान लागतं. ज्याला रान नाही तो सालगडी मालकाच्या कोपीत जेवतो. आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबं त्या दिवशी कुठल्यातरी कारखान्याच्या फडात, परक्या जिल्ह्यात, पालाच्या दारात असतात. फलकावरच्या हिरव्या शिवारात ती नसतील. मोहिमेतून पैसा यायचाच असेल, तर त्यातला वाटा आधी अशा घरांकडं कसा जाईल, हे आखणीतलं पहिलं कलम असायला हवं.

मग मोहीम करायची कशी? खरोसा, होट्टल, कंधार, तेर यांची जाहिरात खुल्या मनानं करावी. ती पाहण्याची ठिकाणं आहेत. प्रवाशाच्या कुतूहलानं त्यांचं भलं होईल, दुरुस्तीला पैसा येईल, पोरांना आपल्या गावाचा इतिहास कळेल. सहस्रकुंडाला पावसाळ्यात बोलवावं आणि कठड्याची, पार्किंगची, शौचालयाची माहिती त्याच फलकावर द्यावी. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जाहिरात लागत नाही. मार्गशीर्ष वद्यात घोडे, उंट, गाढवं आणि तमाशाचे फड आपोआप तिकडं वळतात. तिथं खर्च करायचा तर पाण्याच्या टँकरवर आणि दवाखान्यावर करावा. तुळजापूर-माहूरसाठी गर्दीच्या तिथी टाळून कधी यावं, ते सांगणारी जाहिरात हवी. गर्दी कमी करणारी जाहिरात! युद्धाच्या काळात रेल्वेनंच गरज असेल तरच प्रवास करा, असे फलक लावले होते. काम करणाऱ्याची ताकद पाहून बोलावणं आवरतं घेण्यात लाज नाही.

आणि येळवस? तिची कथा सांगावी, पदार्थ लिहावेत, तिथी छापावी. विक्री करू नये. शहरातल्या माणसाला त्या दिवशी शेतात जायचंच असेल, तर ओळखीच्या कुणाला तरी फोन करावा, जाताना पोरांसाठी काही न्यावं, आणि पुढं कधीतरी त्या घरच्या माणसांना आपल्या घरी जेवायला बोलवावं. कृषी पर्यटन केंद्रं उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत चालवावीत, रीतसर दर लावून, त्यात संकोच नको. अंबील तेव्हाही गोडच लागेल. फक्त ही एक दुपार बाजाराच्या बाहेर राहू द्यावी, कारण वाढणाऱ्याला अन्न देण्याचा आनंद फुकट मिळतो, अशा दुपारी आता थोड्याच उरल्या आहेत.

त्या दुपारी परगावचा कुणी मुरुडात अडकला, परीक्षेला आलेला पोरगा किंवा औषधांच्या पेट्या पोचवायला आलेला टेम्पोवाला, तर त्याची पंचाईत होते. खानावळींना कुलूप, चहाच्या टपरीवर ताडपत्री. तो स्टँडवर इकडंतिकडं पाहत उभा असतो. शेवटी गावाकडं काहीतरी विसरलेलं न्यायला परत आलेला कुणीतरी मोटरसायकल थांबवतो, मागं बसा म्हणतो. तुरीच्या ओळींतून गाडी जाते. कोपीजवळ पोतं अंथरलेलं असतं, त्यावर त्याला बसवतात, हातावर पाणी घालतात, द्रोणात अंबील ओततात. नाव विचारायचं ते भज्जी दुसऱ्यांदा वाढताना.